प्रयोगशाळेतले गुप्तहेर : वाचनालयाच्या सभासदांसाठी माहितीपत्रक

आमच्या वाचनालयातील रहस्यकथांच्या कपाटात आता एक स्वतंत्र कप्पा केला आहे. गुन्ह्याचा उलगडा पोलीस अधिकारी किंवा पोटापाण्यासाठी हेरगिरी करणारा माणूस करत नाही, तर आपल्या विषयात मुरलेला एखादा डॉक्टर, रसायनशास्त्रज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ किंवा हाडांचा अभ्यासक करतो, अशा कथा-कादंबऱ्या या कप्प्यात ठेवल्या आहेत. पुस्तक घरी नेण्यापूर्वी त्यात नेमके काय पाहावे, हे सभासदांना कळावे म्हणून हे पत्रक काढले आहे.

एरवीच्या रहस्यकथेत लेखक संशयितांना एका खोलीत जमवतो आणि त्यांच्या बोलण्यातली विसंगती आपल्यासमोर मांडतो. या कादंबऱ्यांत माणसांच्या बोलण्यापेक्षा वस्तूच्या गुणधर्माला अधिक वजन असते. माणूस खोटे बोलू शकतो, विष मात्र आपले रासायनिक गुणधर्म बदलत नाही, या भरवशावर सगळी रचना उभी असते. म्हणून आमच्या मते अशा पुस्तकाची खरी कसोटी एकच आहे : उलगड्यासाठी लागणारे शास्त्र लेखकाने वाचकाला उलगड्याच्या आधी, गोष्टीच्या ओघात सांगितले आहे काय? शेवटच्या प्रकरणात एखादे अनोळखी रसायन अचानक बाहेर काढणारा लेखक वाचकाला फसवतो, आणि अशी काही पुस्तके आम्ही जाणीवपूर्वक या कप्प्यात घेतलेली नाहीत.

शेरलॉक होम्सची वाचकांशी पहिली भेट 1887 साली लंडनच्या एका इस्पितळातील प्रयोगशाळेत झाली, आणि तेव्हा तो रक्ताचा डाग ओळखण्याची नवी चाचणी सापडल्याच्या आनंदात होता. तरीही तो या कप्प्यात नाही, कारण हेरगिरी हाच त्याचा व्यवसाय आहे. ज्यांना या प्रकाराची सुरुवात जिथून झाली तिथून वाचायचे आहे, त्यांनी रिचर्ड ऑस्टिन फ्रीमन यांचा डॉ. थॉर्नडाइक हाती घ्यावा. फ्रीमन स्वतः डॉक्टर होते आणि आज घाना म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशात त्यांनी नोकरी केली होती. त्यांचा नायक वैद्यकशास्त्राबरोबर कायदाही शिकलेला आहे. वकील त्याच्याकडे सल्ल्यासाठी येतात, त्यामुळे त्याला पूर्णपणे हौशी म्हणता येणार नाही, पण त्याला वगळून हा कप्पा भरणे आम्हाला पटले नाही.

त्याची पहिली कादंबरी ‘द रेड थम्ब मार्क’ 1907 सालची आहे, आणि तिची पार्श्वभूमी भारतीय वाचकाला विशेष जवळची वाटेल. बोटांच्या ठशांचे वर्गीकरण करण्याची पद्धत बंगाल पोलिसांत एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांच्या कष्टातून तयार झाली. 1897 साली कलकत्त्याला ठशांचे कार्यालय निघाले, 1901 साली स्कॉटलंड यार्डने ती पद्धत उचलली, आणि 1905 साली लंडनमधील डेप्टफर्ड येथील खुनाच्या खटल्यात पैशांच्या पेटीवरील अंगठ्याच्या ठशाचा पुरावा ग्राह्य धरून दोन भावांना फाशी झाली. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी आलेल्या या कादंबरीत हिरे नाहीसे झालेल्या तिजोरीत रक्ताने उमटलेला अंगठ्याचा ठसा सापडतो, आणि तो ज्याचा आहे त्या तरुणाला सुटकेची वाट उरत नाही. ठसा हाच अंतिम पुरावा असे सगळे मानू लागले असताना थॉर्नडाइक त्यावरच शंका घेतो. ती शंका तो कशी सिद्ध करतो, हे येथे सांगितले तर पुस्तक नेण्यात अर्थ उरणार नाही.

1912 सालच्या ‘द सिंगिंग बोन’ या संग्रहाबद्दल मात्र मोकळेपणाने सांगता येते, कारण त्यातील बहुतेक कथांत गुन्हेगार पहिल्याच भागात उघडपणे गुन्हा करतो आणि तो कसा पकडला जातो ते दुसऱ्या भागात येते. एका कथेत खुनी प्रेत रेल्वेच्या रुळांवर नेऊन टाकतो आणि मृताच्या फुटलेल्या चष्म्याच्या काचा तिथे पसरतो, म्हणजे गाडीखाली सापडून मृत्यू झाला असे वाटावे. थॉर्नडाइक ते तुकडे गोळा करून चिकाटीने जुळवत बसतो, तेव्हा त्यात चष्म्याचे नसलेले काही तुकडे आढळतात. ते एका पेल्याचे असतात. घरातला पेला आणि चष्मा एकत्र फुटले होते आणि केर भरताना दोन्हींच्या काचा मिसळल्या होत्या, एवढ्या एका गोष्टीवरून माग थेट त्या घरापर्यंत पोचतो.

जपानी लेखक केइगो हिगाशिनो यांची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ ही 2005 सालची कादंबरीही खुनी कोण ते सुरुवातीलाच सांगते. लेखकाने विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आहे. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक युकावा आपल्या पोलीस मित्राला मदत करत असले, तरी त्यांची खरी झुंज महाविद्यालयातील जुन्या सोबत्याशी, एका गणिताच्या शिक्षकाशी आहे. जपानमधील प्रतिष्ठेचा नाओकी पुरस्कार तिला मिळाला. 2023 साली आलेला ‘जाने जान’ हा हिंदी चित्रपट ज्यांनी पाहिला आहे, त्यांनीही मूळ कादंबरी जरूर वाचावी.

हलकेफुलके वाचन हवे असेल तर अॅलन ब्रॅडली यांची अकरा वर्षांची रसायनवेडी फ्लेव्हिया द लूस आहे, आणि अस्थींवरून वय, उंची व जुन्या दुखापती ओळखणारा अॅरन एल्किन्स यांचा गिडियन ऑलिव्हर आहे. फ्लेव्हियाच्या मालिकेत घरातली माणसे आणि त्यांची नाती पुढे सरकत जातात, म्हणून ती क्रमाने वाचलेली बरी. ऑलिव्हरचे पुस्तक कुठूनही धरावे.

पुस्तक प्रथम प्रसिद्ध झाल्याचे साल आधी पाहावे, असे आम्ही आग्रहाने सुचवतो, आणि ते सोयीचे व्हावे म्हणून प्रत्येक पुस्तकाच्या आतील बाजूस तशी चिठ्ठी चिकटवली आहे. डाग माणसाच्या रक्ताचा की जनावराच्या, हे खात्रीने सांगणारी चाचणी 1901 साली आली. डीएनएवरून माणूस ओळखण्याची पद्धत 1984 साली लेस्टर येथे सापडली. त्यामुळे थॉर्नडाइक डीएनए का तपासत नाही, अशी तक्रार घेऊन पुस्तक परत करणाऱ्या सभासदाचे समाधान आम्ही करू शकत नाही.

मराठीत बाबूराव अर्नाळकरांच्या धनंजय आणि झुंजार यांनी कित्येक पिढ्यांना वाचनाची गोडी लावली, पण त्यांची भिस्त धाडसावर असल्याने त्यांची पुस्तके पूर्वीच्याच कपाटात ठेवली आहेत.

या कप्प्यातील पुस्तके नेहमीच्याच सभासदत्वावर मिळतील, त्यासाठी वेगळी अनामत नाही. पानांच्या कडेला पेन्सिलीने अंदाज लिहिण्यास आमची हरकत नाही, मात्र पुस्तक परत करण्यापूर्वी ते खोडून टाकावेत, आणि ते बरोबर ठरले असतील तर अधिक काळजीपूर्वक खोडावेत.