बारा लाखांपर्यंत शून्य कर: रिबेटची पार्श्वभूमी

फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पाने ‘बारा लाखांपर्यंत कर नाही’ हे वाक्य घरोघरी पोहोचवलं. करमुक्त मर्यादा मात्र आयकराच्या नव्या प्रणालीत (कमी दर, पण बहुतेक वजावटी नाहीत) चार लाखच झाली. पुढच्या आठ लाखांवर ६० हजारांचा कर आधी बसतो आणि मग रिबेट म्हणून, म्हणजे ठरलेल्या उत्पन्नापर्यंत आकारलेल्या करातच मिळणारी सूट म्हणून, माफ होतो. म्हणूनच पाच लाख कमावणाऱ्याला एक रुपयाही भरायचा नसला तरी रिटर्न भरावं लागतंच.

सत्तरच्या दशकातल्या ९७.७५ टक्के कमाल दराच्या कहाण्या अजून सांगितल्या जातात. सामान्य पगारदाराचा त्यांच्याशी फारसा संबंध नव्हता. त्याच्यासाठी वळण आलं २०१३ साली, पाच लाखांच्या आतल्या उत्पन्नाला दोन हजारांची रिबेट सुरू झाली तेव्हा. करमुक्त मर्यादा वाढवली तर कोट्यधीशाचाही कर कमी होतो. रिबेटचा फायदा ठरलेल्या आकड्याच्या आतल्यांनाच मिळतो. तिजोरीला हे स्वस्त पडतं आणि भाषणाला मोठा आकडा मिळतो. २०१६ मध्ये रिबेट पाच हजार झाली, २०१७ मध्ये अडीच हजारांवर आणून साडेतीन लाखांपर्यंतच ठेवली गेली (हे सहसा कुणी आठवत नाही), २०१९ मध्ये साडेबारा हजार आणि २०२३ मध्ये नव्या प्रणालीत २५ हजार. जुन्या प्रणालीची अडीच लाखांची मर्यादा आणि ८०सी चे (ठरावीक गुंतवणुकीवरच्या वजावटीचे) दीड लाख मात्र २०१४ पासून तिथेच आहेत.

खरा वाद पेटला जुलै २०२४ मध्ये. तोवर सात लाखांच्या आतले करदाते शेअर्सच्या अल्पकालीन नफ्यावरच्या करालाही रिबेट लावून घेत होते. ५ जुलैला रिटर्न भरण्याची ऑनलाइन प्रणाली बदलली आणि तो पर्यायच बंद झाला. सहा लाखांचं करपात्र वेतन आणि ४० हजारांचा असा नफा असलेल्या माणसाचा कर शून्यावरून सेससह (करावरचा उपकर धरून) ६,२४० रुपयांवर गेला. कायद्याचं एक अक्षरही बदललेलं नव्हतं. आधी रिटर्न भरलेला सुटला, उशीर केलेला अडकला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. रिबेट मिळते की नाही हे नंतर ठरेल, पण ती मागण्याची वाटच सॉफ्टवेअरने बंद करायची नाही, असा न्यायालयाच्या आदेशाचा रोख होता. सुधारित रिटर्नची मुदत १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढवावी लागली.

२०२५ च्याच अर्थसंकल्पाने पुढच्या काळासाठी विशेष दराचं (शेअर्सच्या नफ्यासारखं, वेगळ्या दराने कर लागणारं) उत्पन्न रिबेटबाहेर असल्याचं कायद्यातच लिहून टाकलं. आधी रिबेट मिळालेल्या अनेकांना मागणीच्या नोटिसा गेल्या. सप्टेंबर २०२५ च्या परिपत्रकाने ३१ डिसेंबरपर्यंत रक्कम भरणाऱ्यांना विलंबाचं व्याज माफ केलं, मूळ कर नाही.