जेफ मिल्सच्या रेकॉर्ड घरी नेण्यापूर्वी

(दांडिया बाजारातील आमच्या रेकॉर्ड व टर्नटेबलच्या दुकानाकडून ग्राहकांसाठी)

जेफ मिल्स हा अमेरिकेतला डीजे आणि टेक्नोचा, म्हणजे यंत्रांवर रचलेल्या नाचाच्या संगीताचा, संगीतकार. त्याची रेकॉर्ड विकली, की थोड्याच दिवसांत दोनपैकी एक तक्रार हमखास येते. पहिली : "सुई अडकते, तेच तेच वाजतं, बदलून द्या." दुसरी : "मागच्या वेळी नेली ती घर दणाणून सोडत होती, आणि ही सिनेमाच्या मागे वाजावी तशी. नक्की त्याच माणसाची ना?" रेकॉर्ड बिघडलेली नसते आणि माणूसही तोच असतो. काउंटरवर गर्दीच्या वेळी प्रत्येकाला हे नीट सांगता येत नाही, म्हणून हे पत्रक. पैसे देण्याआधी वाचलेत तर उत्तम.

मिल्स तीस वर्षांहून अधिक काळ अल्बम काढतो आहे. या काळात त्याचा आवाज बदलला हे खरेच, पण त्याहून जास्त बदलला तो त्याच्या अल्बमचा उपयोग. सुरुवातीच्या रेकॉर्ड डीजेच्या हाती द्यायचे सामान होत्या. नंतरच्या बऱ्याचशा खुर्चीत बसून ऐकायच्या आहेत. एकीकडून दुसरीची अपेक्षा केली की पैसे फुकट गेल्यासारखे वाटतात.

सुई अडकते त्याबद्दल

१९९४ मध्ये मिल्सने 'अ‍ॅक्सिस' या स्वतःच्या लेबलवर, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीतर्फे, 'सायकल ३०' ही रेकॉर्ड काढली. तिच्या एका बाजूवर बंद वर्तुळे कापलेली आहेत. नेहमीच्या रेकॉर्डची खाच कडेपासून मधल्या कागदी लेबलपर्यंत सरकत जाते. इथे सुई एका वर्तुळात टेकली की तिथेच फिरत राहते, तुम्ही उचलाल तेव्हाच थांबते. याला लॉक्ड ग्रूव्ह म्हणतात. एका वर्तुळात एक लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा, उचलून पुढच्यात टेकवली की दुसरा.

यामागचा हिशेब सुंदर आहे. मिनिटाला ३३⅓ फेरे, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. तेवढ्यात चार ठोके बसवले की मिनिटाला सुमारे १३३ ठोके होतात, आणि तो टेक्नोचा अगदी रोजचा वेग. तबकडीचा एक फेरा हेच तालाचे एक आवर्तन. डीजे एका टर्नटेबलवर ते फिरते ठेवतो आणि दुसऱ्यावर हवे ते वाजवतो.

असल्या रेकॉर्ड कापायला तसाच कारागीर लागतो. डेट्रॉइटमध्ये तो रॉन मर्फी होता. तिथल्या टेक्नोच्या असंख्य रेकॉर्डची मूळ तबकडी त्याच्या लेथवर कापली गेली. बंद वर्तुळे, आतून बाहेर वाजणारी बाजू, असले उद्योग त्याला मनापासून आवडायचे. मिल्स आणि त्याच्या साथीदारांच्या १९९२ मधल्या 'एक्स-१०२' या अल्बमचा विषय शनीची कडी हाच होता, आणि रेकॉर्डवर खाचांची मांडणीही त्या कड्यांना धरून केली होती. तेव्हा सुई कडेला ठेवूनही काही वाजले नाही, तर आम्हाला फोन करण्याआधी ती लेबलजवळ ठेवून पाहा.

बंद वर्तुळाचा एक घरगुती उपयोग आम्ही स्वतः करतो. ३३⅓ वर तीन मिनिटांत बरोबर शंभर फेरे व्हायला हवेत. लूप लावा, मोबाइलवर तीन मिनिटे लावा आणि फेरे मोजा. ९८ भरले तर टर्नटेबल मंद चालते आहे. बहुतेक वेळा पट्टा सैल झालेला असतो. बडोद्यातल्या मे महिन्यात रबरी पट्ट्याचे काय होते ते सांगायला नको. पट्टा आमच्याकडे मिळतो आणि बसवण्याचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही.

डेट्रॉइट, बर्लिन आणि ठोक्याची वर्षे

मिल्स १९६३ चा, डेट्रॉइटचा. ऐंशीच्या दशकात तिथल्या रेडिओवर तो 'द विझार्ड' या नावाने रेकॉर्ड मिसळायचा, इतक्या वेगाने की ऐकणाऱ्याला एकाहून अधिक माणसे वाजवताहेत असे वाटावे. पुढे माइक बँक्सच्या जोडीने त्याने 'अंडरग्राउंड रेझिस्टन्स' हा गट उभा केला. रॉबर्ट हूडही त्यात आला. मोटारींचे कारखाने ओस पडत चाललेल्या शहरातली ही काळी पोरे, आणि त्यांचे पहिले मोठे गिऱ्हाईक मिळाले ते भिंत नुकतीच पडलेल्या बर्लिनमध्ये. तिथे १९९१ मध्ये एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातल्या तिजोरीत 'ट्रेसॉर' नावाचा क्लब उघडला. त्या क्लबने लेबल काढले आणि त्याची पहिली रेकॉर्ड याच तिघांची, 'एक्स-१०१' या नावाने.

गटातून बाहेर पडल्यावर मिल्सने ट्रेसॉरसाठी १९९२ मध्ये 'वेव्हफॉर्म ट्रान्समिशन, खंड १' केला. घर दणाणून सोडणारी ती हीच. चाल नाही म्हटले तरी चालेल. खरखर, लोखंडावर लोखंड आदळावे तसे आवाज, आणि दमच न घेणारा ठोका. १९९४ चा खंड ३ ऐकला की दोन वर्षांतला फरक कळतो : वेग तसाच आहे, पण आवाजांची गर्दी कमी झाली आहे आणि प्रत्येक आवाज कुठे ठेवला आहे ते ऐकू येते. आम्हाला विचाराल तर दोघांत खंड ३ सरस. खंड १ ऐतिहासिक आहे हे मान्य, पण सलग ऐकून उठल्यावर कानांना विश्रांती द्यावी लागते.

(खंड २ मागायला येणाऱ्यांसाठी : तो मिल्सचा नाही. १९९३ चा तो अल्बम रॉबर्ट हूडने 'द व्हिजन' या नावाने केला आहे. चांगला आहे, घ्या, पण समजून घ्या.)

या काळातल्या रचनांना ठळक सुरुवात-शेवट नसतो, मध्यंतरी काही 'घडत'ही नाही, हा आक्षेप आम्ही फार ऐकतो. तबल्याच्या एकलवादनात लेहरा धरणारा काय करतो ते आठवा. तीच ओळ, त्याच लयीत, अर्धा तास. लेहरेवाला कंटाळवाणा आहे असे कोणी म्हणत नाही, कारण बाकीचा सगळा खेळ त्याच्या आधारावर चालतो. मिल्सच्या त्या रेकॉर्ड लेहऱ्याचे काम करतात. वर खेळ करायचा तो डीजेने, दुसऱ्या आणि तिसऱ्या टर्नटेबलवर. नुसता लेहरा घरी नेऊन ऐकला तर अपुरा वाटणारच.

हा खेळ पुरा ऐकायचा असेल तर टोकियोच्या लिक्विड रूम क्लबमध्ये १९९५ मध्ये ध्वनिमुद्रित झालेले त्याचे मिश्रण ऐका. ते १९९६ मध्ये बाहेर आले. तासाभरात तीसच्या वर रेकॉर्ड येऊन जातात, काही तर एखादा मिनिटच टिकतात. मध्येच सुई घसरल्याचे, लोकांच्या ओरड्याचे आवाज आहेत आणि ते काढून टाकलेले नाहीत. दुकानात आम्ही नव्या माणसाला पहिल्यांदा हेच ऐकवतो.

सोळा बटणे

मिल्सबरोबर ज्या यंत्राचे नाव नेहमी येते ते रोलँड कंपनीचे टीआर-९०९. हे ड्रम मशीन १९८३ मध्ये आले आणि १९८५ मध्ये बंदही झाले. बाजारात ते फारसे चालले नव्हते. पुढे जुने म्हणून स्वस्तात मिळू लागले तेव्हा डेट्रॉइट आणि शिकागोच्या पोरांनी ते उचलले. मिल्स ते वाद्यासारखे वाजवतो. ठेका चालू असतानाच बटणे दाबून त्यातला एकेक ठोका काढतो, घालतो, आवाज ओढतो.

म्युझिक कॉलेजमध्ये तबला शिकलेले आमचे काही ग्राहक त्यावरची सोळा बटणे पाहून लगेच 'तीनताल' म्हणतात. तसे नाही. चार बटणांचा एक ठोका, म्हणजे सोळा बटणांत चारच मात्रा, केरव्याचे अर्धे आवर्तन. बाकीची बटणे मधल्या जागा भरायला. मिल्सची हुशारी या मधल्या जागांत आहे. मोठा ठोका सोडून द्या आणि हाय-हॅटकडे, म्हणजे झांजांच्या जोडीच्या बारीक आवाजाकडे, कान ठेवा. 'द बेल्स' ही त्याची सर्वांत गाजलेली रचनासुद्धा घंटेसारख्या त्या चार-पाच सुरांमुळे लक्षात राहते, पण तिला पळवते ती हाय-हॅट.

खुर्चीत बसून ऐकायचे अल्बम

२००० मध्ये मिल्सने फ्रिट्झ लांगच्या १९२७ च्या 'मेट्रोपोलिस' या मूकपटाला नवे संगीत दिले आणि ते पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात चित्रपटासोबत सादर केले. अल्बमही निघाला. दुसऱ्या तक्रारीचे मूळ हेच. इथे नाचणारा माणूस डोळ्यांपुढे नाहीच. ठोका येतो आणि जातो, कित्येक मिनिटे नुसते तरंगते सूर. ज्याने दहा वर्षे अंधाऱ्या तळघरांत लोकांना घामाघूम केले त्याला आता पडद्यावरच्या चित्राला साथ करायची होती.

२००५ च्या उन्हाळ्यात दक्षिण फ्रान्समधल्या पाँ द्यू गार या रोमन जलवाहिनीच्या पुलापाशी त्याच्या जुन्या रचना माँपेलिएच्या वाद्यवृंदाने वाजवल्या, मिल्स स्वतः ९०९ घेऊन मध्ये. 'ब्लू पोटेन्शियल' या नावाने ते २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. व्हायोलिनवाल्यांना 'द बेल्स' वाजवताना ऐकणे गमतीचे आहे, पण आम्हाला तिथे वाद्यवृंद टेक्नोच्या मागून धावतो आहे असे वाटते. त्या मानाने २०१७ चा 'प्लॅनेट्स' पुष्कळ जमला आहे, कारण तो मुळातच वाद्यवृंद आणि यंत्रे दोन्ही धरून रचलेला आहे. पोर्तोच्या वाद्यवृंदासोबत केलेला हा अल्बम एका ग्रहावरून दुसऱ्याकडे जातो, आणि मधल्या प्रवासालाही त्यात छोटे तुकडे दिले आहेत.

अवकाश हा त्याचा जुनाच ध्यास. २०१३ च्या 'व्हेअर लाइट एंड्स'साठी त्याने जपानी अंतराळवीर मामोरू मोहरींच्या अनुभवांवर काम केले, आणि चांद्रमोहिमेला पन्नास वर्षे झाली तेव्हा, २०१९ मध्ये, 'मून : द एरिया ऑफ इन्फ्लुएन्स' काढला. स्पष्ट सांगायचे तर या अवकाश-अल्बमांत डावे-उजवे आहे. काहींत कल्पना भारी आणि संगीत तिच्या खांद्यापर्यंतच पोचलेले. म्हणून हे अल्बम आम्ही कोणालाही न ऐकवता विकत नाही. दुकानात हेडफोन आहे, एक बाजू पूर्ण ऐका, मग ठरवा.

तबला येतो तो अल्बम

बडोदेकरांना सगळ्यात जास्त सांगावेसे वाटते ते याबद्दल. २०१८ मध्ये मिल्सने टोनी अ‍ॅलनबरोबर 'टुमॉरो कम्स द हार्वेस्ट' केला. अ‍ॅलन म्हणजे नायजेरियाच्या फेला कुटीचा ड्रमर, अ‍ॅफ्रोबीटचा ठेका ज्याच्या हातून घडला तो. एकीकडे अचूक यंत्र, दुसरीकडे ठोक्याच्या किंचित मागे-पुढे खेळणारा म्हातारा हात. यंत्र माणसाला वाट करून देते आहे, असे मिल्सच्या बाबतीत इतके स्पष्ट ऐकू येणे आम्हाला नवे होते.

२०२० मध्ये अ‍ॅलनचे पॅरिसमध्ये निधन झाले. मिल्सने ड्रमच्या जागी दुसरा ड्रमर बसवला नाही. कीबोर्डवर जाँ-फी दारी होताच. त्यांच्यासोबत आले तबल्यावर प्रभू एदुआर, पंडित शंकर घोषांचे शिष्य. तिघांचा 'इव्हॉल्यूशन' हा अल्बम २०२३ मध्ये आला. बरेचसे वादन उत्स्फूर्त आहे. फ्यूजन म्हटले की आपल्याकडे तबला मागे टकटक करायला ठेवलेला असतो, तसा तो इथे नाही. काही ठिकाणी तर ९०९ लेहरा धरते आणि तबला बोलतो. काही ठिकाणी उलट.

१८८६ मध्ये सयाजीरावांच्या काळात मौलाबक्षांनी गायनशाळा सुरू केलेल्या या शहरात ताल मोजणाऱ्या कानांची वाण नाही. तालाची जाण असलेले पण टेक्नोकडे कधी न फिरकलेले जे ग्राहक आहेत, त्यांनी मिल्सकडे 'वेव्हफॉर्म'पासून यायचे कारण नाही. 'इव्हॉल्यूशन'पासून सुरू करा आणि मागे मागे जा : अ‍ॅलन, मग लिक्विड रूम, मग खंड ३. नाचणाऱ्यांनी याच रस्त्याने उलट यावे.

घरी वाजवताना

जुन्या वाड्यांत, पोळांतल्या (जुन्या गल्ल्यांतल्या) घरांत माडीची जमीन लाकडी असते. टर्नटेबल तिच्यावर ठेवून टेक्नो लावलात तर स्पीकरचा खर्ज जमिनीतून सुईपर्यंत पोचतो आणि हूंऽऽ असा वाढत जाणारा घोंगाट सुरू होतो. भिंतीत ठोकलेली फळी सर्वांत चांगली. नाहीतर टर्नटेबलखाली कोटा लादीचा जाड तुकडा आणि त्याखाली रबर ठेवा. स्पीकर त्याच टेबलावर ठेवू नका, हे आम्ही प्रत्येक बिलावर छापणार आहोत.

नवरात्रातला मैदानावरचा बास घरी हवा, म्हणून मोठा सबवूफर मागणारे पुष्कळ येतात. दहा बाय बाराच्या खोलीत त्याने फक्त खिडक्या वाजतात. ९०९ चा ठोका आटोपशीर असतो. मध्यम आकाराचे, नीट बसवलेले स्पीकर त्याला पुरतात. रात्री दहानंतर हेडफोन, शेजाऱ्यांसाठी.

सुईचा दाब कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) कागदावर लिहिलेला असतो, साधारण दोन ग्रॅमच्या आसपास; अंदाजाने लावू नका, काटा आमच्याकडे आहे. बारा इंची रेकॉर्ड ३३ चीच असते असे धरून चालू नका, लेबल पाहा. ४५ ची टेक्नो रेकॉर्ड ३३ वर वाजवून "हा फार संथ आहे हो" म्हणणारे सद्गृहस्थ आम्हाला भेटले आहेत, आणि त्यांना ती तशीच जास्त आवडली होती.

अ‍ॅक्सिस आणि ट्रेसॉरच्या रेकॉर्ड आम्ही मागणीप्रमाणे बाहेरून मागवतो. त्यासाठी अर्धी रक्कम आगाऊ घेतो आणि पार्सल कधी येईल याची तारीख देत नाही, कारण कस्टम्स आम्हाला देत नाही. आलेली रेकॉर्ड दुकानातच उघडून, वाकलेली नाही ना हे तुमच्यासमोर फिरवून पाहतो. वाकलेली असेल तर पूर्ण पैसे परत. लॉक्ड ग्रूव्हसाठी परत नाहीत.