पहिल्या क्रेडिट कार्डाची लिमिट वाढवायचीय? अर्ज टाकायच्या आधी हे वाचा

नमस्कार मंडळी,

रिटर्न भरायला आमच्याकडे येणारी नोकरीवाली पोरं असोत नाहीतर दुकानदार, हल्ली एक प्रश्न हमखास येतो, सर पहिलं कार्ड मिळालं पण लिमिट चाळीस हजारच दिलीय, वाढवायची कशी? प्रत्येकाला तोंडी सांगताना काहीतरी राहून जातं म्हणून हा कागद काढला. आम्ही कुठल्या बँकेचे एजंट नाही, कार्डावर कमिशन घेत नाही, त्यामुळे जे लिहिलंय ते तुमच्या बाजूने लिहिलंय.

पहिलं कार्ड देताना बँकेकडे तुमचा उधारीचा काही इतिहासच नसतो, म्हणून ती हात आखडता घेते. मग ती बघत बसते की दिलेले चाळीस हजार हा माणूस कसे वापरतो. त्यामुळे कार्ड येऊन दोन महिने झाले की अर्ज टाकायची घाई करू नका. निदान सहा महिने जाऊ द्या, वर्ष झालं तर अजून बरं, आणि त्या काळात एकही बिल उशिरा जाता कामा नये. ऑटो डेबिट लावून टाका, आणि ते फुल पेमेंटचं लावा, मिनिमम ड्यूचं (बिलात लिहिलेल्या किमान रकमेचं) नको. बरेच जण नेमकी इथेच चूक करतात.

आता एक गोष्ट जी खूप जणांना माहीतच नसते. समजा लिमिट ४०,००० आहे आणि तुम्ही दिवाळीत ३२,००० चा फ्रीज घेतला, ड्यू डेटला सगळे पैसे भरले, एक रुपया व्याज नाही. तुमच्या मते सगळं चोख. पण बँक सिबिलसारख्या, उधारीचा हिशेब आणि स्कोअर ठेवणाऱ्या कंपन्यांना ठरावीक दिवसांनी आकडे कळवते (जानेवारी २०२५ पासून निदान पंधरवड्याला एकदा कळवायचा नियम आला), आणि ज्या दिवशीची बाकी कळवली त्या दिवशी तुमचे ३२,००० दिसले तर रिपोर्टात लिमिटच्या ८० टक्के वापर दिसतो. हा माणूस ओढाताणीत आहे असं वाटतं. म्हणून मोठी खरेदी झाली आणि पैसे खात्यात असले तर ड्यू डेटची वाट बघू नका, त्यातले बावीस हजार लगेच ॲपवरून भरून टाका, बाकी १०,००० उरली की वापर २५ टक्क्यांवर येतो. साधारण ३० टक्क्यांच्या आत ठेवा असं सगळेच सांगतात, आम्हीही तेच सांगतो.

आणि मिनिमम ड्यूबद्दल जरा कळकळीने सांगतो. महिना साडेतीन टक्के व्याज असलेलं कार्ड म्हणजे वर्षाला ४२ टक्के. ४०,००० थकले तर महिन्याला १,४०० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी २५२, म्हणजे १,६५२ रुपये नुसते हवेत. त्यात बाकी शिल्लक असताना नवीन खरेदी केली तर तिलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, घेतल्या दिवसापासून मीटर चालू. कार्डावर एटीएममधून कॅश काढली तरी तसंच. ज्याचं आत्ता असं चाललंय त्याने लिमिट वाढवून मागूच नये, आधी ती बाकी संपवावी, लागलं तर कमी व्याजाचं लोन काढून. जास्त लिमिट म्हणजे पगारवाढ नव्हे हो.

कागदांचं म्हणाल तर हा आमच्या रोजच्या कामातला भाग. नोकरदारांनी शेवटच्या तीन पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट तयार ठेवावं. खूप वेळा असं होतं की कार्ड घेतलं तेव्हा पगार २२,००० होता, आता ३५,००० झाला, पण बँकेकडे अजून जुनाच आकडा पडून आहे, नुसतं उत्पन्न अपडेट केलं तरी ॲपमध्ये वाढीची ऑफर दिसायला लागते. दुकानदारांचं दुखणं वेगळं. इन्कम टॅक्सच्या अंदाजे नफ्याच्या स्कीममध्ये, आपण ४४ एडी म्हणतो ती, कॅशच्या धंद्यावर आठ टक्के आणि डिजिटल पेमेंटवर सहा टक्के नफा दाखवला की झालं असं सगळे धरून चालतात, पण ते किमान टक्के आहेत, खरा नफा जास्त असला तर जास्तच दाखवायचा असतो. एका किराणावाल्या दादांची उलाढाल वीस लाख, रिटर्नमध्ये नफा १,६०,०००, आणि कार्डाची लिमिट मागत होते दीड लाख. बँक रिटर्न बघणार, तुमचा गल्ला नाही. खरं उत्पन्न सलग दोन वर्षं दाखवलं की कार्डच काय, पुढे घराचं लोनसुद्धा सोपं जातं.

अर्ज बँकेच्या ॲपमधूनच करा. कारण विचारलं तर खरं सांगा, पोराची फी, दुकानाचा माल, काय असेल ते. नाकारला तर रागाने त्याच आठवड्यात आणखी तीन बँकांत अर्ज टाकू नका, प्रत्येक चौकशीची नोंद रिपोर्टात होते आणि पुढच्या बँकेला ती दिसते. त्यापेक्षा नाकारायचं कारण विचारा. आधी रिपोर्ट बघितला असेल तर अजूनच बरं. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात, स्वतःचा रिपोर्ट बघितल्याने स्कोअर कमी होत नाही. त्यात चूक सापडली, म्हणजे फेडलेलं लोन चालूच दाखवत असेल, तर तक्रार टाका, ३० दिवसांत निकाल लावायचा असतो, त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

ज्यांना पगार स्लिपही नाही आणि रिटर्नही नाही त्यांच्यासाठी एफडीवरचं कार्ड हा सगळ्यात सरळ रस्ता. बऱ्याच बँका एफडीच्या ७५ ते ९० टक्के लिमिट देतात, एफडीचं व्याज चालूच राहतं, एफडी वाढवून लिमिट वाढवून घेता येते.

उलट बाजूही सांगतो, बँकेने स्वतःहून लिमिट वाढवायची म्हटली तरी तुमची स्पष्ट संमती लागते, रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. नको असेल तर नाही म्हणा. आणि सेलमध्ये मित्रांचे मोबाईल आपल्या कार्डावर घेऊन देणाऱ्यांनी लक्षात ठेवा, वर्षभरात कार्डाची बिलं दहा लाख किंवा त्याहून जास्त भरली, किंवा कॅशमध्ये एक लाख किंवा त्याहून जास्त भरली, की माहिती तुमच्या पॅनवर इन्कम टॅक्सकडे जाते. मग नोटीस आलीच तर तुम्हाला येते, मित्राला नाही.

सगळ्यात जास्त भीती मात्र फोनची वाटते. "तुमची लिमिट वाढवून देतो, ओटीपी सांगा" किंवा व्हॉट्सॲपवर एपीके फाईल (मोबाईलमध्ये ॲप टाकायची फाईल) पाठवली, की समजा चोर आहे. गेल्या वर्षी आमच्या एका ताईंचे असेच ३८,००० गेले, बाकी सगळं त्यांनी नीट केलं होतं हो. ओटीपी आपणच दिला तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपल्या डोक्यावर येतं, म्हणून असं काही झालं तर लाजत बसू नका, त्याच मिनिटाला बँकेला फोन करून कार्ड बंद करा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार नोंदवा.

रिपोर्ट काढायला जमत नसेल तर पॅनकार्ड आणि स्वतःचा मोबाईल घेऊन ऑफिसला या, शेजारी बसून काढून देऊ, त्याचे पैसे घेत नाही. ओटीपी येईल तो तुमचा तुम्हीच टाकायचा, आम्हालाही सांगायचा नाही.