साइड-बाय-साइड वाहने

साइड-बाय-साइड : दोन किंवा अधिक माणसांना शेजारीशेजारी बसता येईल असे, वाळू, खडक, चिखल आणि रानवाटांवर चालवण्यासाठी बनवलेले हलके चारचाकी वाहन. मोटारीसारखे गोल स्टीअरिंग, पायाशी अॅक्सिलरेटर व ब्रेक, बसणाऱ्याला पट्टा आणि डोक्यावर पोलादी नळ्यांचा पिंजरा ही त्याची ओळख. अमेरिकेत त्याला यूटीव्ही (युटिलिटी टेरेन व्हेइकल) असेही म्हणतात. आपल्याकडे अशा सगळ्याच गाड्या ‘बग्गी’ या एका नावात खपतात. क्वाड बाइकशी त्याची नेहमी गल्लत होते. क्वाडवर घोड्यासारखी मांड टाकून बसतात, हँडल धरतात आणि वळणावर अंग झुकवून तोल सांभाळतात. साइड-बाय-साइडमध्ये अंगाला असे काही कामच उरत नाही. कालपर्यंत फक्त ऑटोमॅटिक मोटार चालवलेला माणूसही पाच मिनिटांत ती पळवू लागतो. तिची लोकप्रियता या सोपेपणातून आली, आणि तिच्या चालकांविषयीच्या बहुतेक तक्रारीही त्यातूनच आल्या.

सुरुवात शेतीकामाने झाली. कावासाकी कंपनीने 1988 मध्ये बाजारात आणलेल्या गाडीचे नाव होते म्यूल, म्हणजे खेचर; आणि ती होतीही तशीच : हळू, चिवट, मागच्या हौद्यात चारा, कुंपणाचे खांब किंवा अवजारे वाहणारी. 1998 मध्ये पोलॅरिसची रेंजर आली. मग 2003 च्या सुमारास यामाहाने ऱ्हायनो काढली आणि खेचराला शर्यतीची हौस लागली. 2007 मध्ये पोलॅरिसने आरझेडआर आणली. ही अक्षरे ‘रेझर’ अशी उच्चारतात. तिची रुंदी मुद्दाम 50 इंच ठेवलेली होती, कारण अमेरिकेच्या वनखात्याच्या अनेक क्वाड-वाटांवर तेवढ्याच रुंदीच्या वाहनाला परवानगी असे. पुढे वाटेचे माप कोणाला आठवले नाही. रुंदी 64 आणि 72 इंचांवर गेली. कॅन-अॅम, होंडा आणि इतर कंपन्या स्पर्धेत उतरल्या. आज या गटातल्या सर्वांत तापट गाड्यांची ताकद 225 ते 240 अश्वशक्ती आहे, म्हणजे भारतातल्या साध्या कौटुंबिक मोटारीच्या अडीच-तीन पट, आणि तीही बाजूला काच नसलेल्या, बऱ्याच हलक्या सांगाड्यात. डकार रॅली या वाळवंटी, लांब पल्ल्याच्या शर्यतीत 2017 पासून या वाहनांचा स्वतंत्र गट आहे.

चालकाच्या वागण्याकडे वळण्याआधी यंत्राकडे पाहायला हवे. बहुतेक साइड-बाय-साइडमध्ये गिअर बदलावे लागत नाहीत. दोन पुलींवरून फिरणारा रबरी पट्टा वेगानुसार आपोआप जुळवून घेतो. त्यामुळे वेग वाढवताना इंजिन सतत चढ्या फेऱ्यांवर राहते आणि मोटारीसारखे गिअर पडून शांत होत नाही. खडबडीत, मऊ टायरांची घरघर वेगळीच. सस्पेन्शन इतके लांब पल्ल्याचे असते की ज्या खड्ड्यावर जीपवाला थांबून, उतरून, वाकून पाहील, तो खड्डा इथे जाणवतही नाही. रस्ता ज्या खाणाखुणांनी माणसाला ‘जरा सबुरीने’ म्हणतो, त्या सगळ्या हे वाहन गिळून टाकते. त्यात हेल्मेट, कानात इंटरकॉम आणि मोठे स्पीकर. आपण किती आवाज करतो आहोत हे कळण्याची सर्वांत वाईट जागा म्हणजे चालकाचीच सीट.

यातला पहिला गंभीर वाद ऱ्हायनोवरून झाला. अरुंद आणि उंच बांध्याची ही गाडी वळताना कलंडते, आणि कलंडताना आतला माणूस सावरण्यासाठी हात किंवा पाय बाहेर टाकतो. नेमका तोच अवयव पिंजऱ्याखाली चिरडतो. यामाहाने 2007 मध्ये जुन्या गाड्यांना दारे आणि जादा मुठी मोफत बसवून देऊ केल्या. 31 मार्च 2009 रोजी अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने कंपनीसह दुरुस्ती मोहीम जाहीर केली, तेव्हा ऱ्हायनोच्या 450 आणि 660 या नमुन्यांशी संबंधित 46 मृत्यूंची नोंद आयोगाकडे होती. तपासलेल्या अपघातांपैकी दोनतृतीयांशाहून अधिकांत गाडी उलटली होती. दुरुस्ती काय, तर मागची चाके थोडी बाहेर सरकवणे आणि 660 नमुन्याचा मागचा अँटी-स्वे बार, म्हणजे दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणारी दांडी, काढून टाकणे. चूक चालकाची की घडणीची, हा प्रश्न कोर्टांत बराच काळ घोळला. चाके सरकवून जो धोका कमी होतो, तो केवळ बेफिकिरीचा असू शकत नाही, एवढे तरी या दुरुस्तीवरून दिसते. घडणीचा दोष दुसऱ्या एका प्रकरणातही समोर आला : आगी लागण्याच्या तक्रारींवरून पोलॅरिसने एप्रिल 2016 मध्ये सुमारे 1,33,000 रेझर परत बोलावल्या आणि 2018 मध्ये दोषांची माहिती वेळेवर न दिल्याबद्दल 2 कोटी 72 लाख 50 हजार डॉलर दंड भरला.

तरीही चालक सुटत नाहीत. पट्टा लावला नाही तर गाडीने ताशी 15 मैलांवर, म्हणजे सुमारे 24 किलोमीटरवर जाऊच नये, अशी सक्ती आयोगाने 2014 मध्ये सुचवली. उद्योगाने विरोध केला आणि स्वतःचे ऐच्छिक मानक सुधारले. अनेक नव्या गाड्यांत वेगाला तशी वेसण आली. त्यावर लोकांनी काढलेला तोडगा आपल्याकडच्या कोणाही मोटारवाल्याला सांगावा लागणार नाही : पट्टा सीटच्या मागून घालून खटका लावणे, किंवा नुसता खोटा खटका विकत आणून खोचणे.

चालकांच्या वागण्याचा वाद सर्वांत तीव्र झाला तो अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या मोआब या गावात. 2020 च्या जनगणनेत इथे साडेपाच हजारांहून कमी लोक होते. भोवती लाल वाळूखडकाचे वाळवंट, शेजारी आर्चेस राष्ट्रीय उद्यान. 1950 च्या दशकातल्या युरेनियम शोधकांनी इथे बुलडोझरने वाटा पाडल्या, आणि खाणी ओसरल्यावर त्याच वाटांवर जीपवाले आले. त्यांची ईस्टर जीप सफारी 1967 पासून भरते. जीप खडकावर मुंगीच्या पावलाने चढते. तिचा आनंद सावकाशीत आहे. साइड-बाय-साइडचा आनंद नेमका उलट्या टोकाला. म्हणून इथले भांडण केवळ वाहनवाले विरुद्ध निसर्गप्रेमी असे सरळ नाही. जुन्या जीपवाल्यांचीही नाके मुरडलेली असतात : हे लोक वेगाने येऊन वाटेवर लाटांसारखे उंचवटे पाडतात, धुरळा उडवतात, अशी त्यांची तक्रार.

यूटात आरसे, दिवे, हॉर्न वगैरे बसवून ही गाडी रस्त्यासाठी नोंदवता येते. उत्पादकांची पुस्तिका मात्र डांबरी रस्त्यावर चालवू नका असेच सांगते, कारण मऊ टायर डांबराला घट्ट धरतात आणि वळणावर गाडी कलंडू शकते. राज्य हो म्हणते, पुस्तिका नको म्हणते, आणि पर्यटक हॉटेलच्या दारातून थेट निघतो. ‘हेल्स रिव्हेंज’ या प्रसिद्ध खडकवाटेकडे जाणारा सँड फ्लॅट्स रस्ता घरांजवळून जातो. भाड्याच्या गाड्यांचे तांडे तिथून ये-जा करू लागले तेव्हा रहिवाशांची सहनशक्ती संपली. 2021 मध्ये शहराने व ग्रँड काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्ह्याने, आवाजाचे नियम कडक केले. त्याआधी सप्टेंबर 2020 मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेने यूटातील उद्यानांच्या रस्त्यांवर अशी वाहने येऊ देण्याचे ठरवले होते. महिन्याभरात तो निर्णय मागे घ्यावा लागला.

आवाज निदान थांबतो. चाकाची खूण थांबत नाही. या वाळवंटाच्या जमिनीवर सूक्ष्म जीवाणू, दगडफूल आणि शेवाळ यांची काळपट, खडबडीत साय असते. ती माती बांधून ठेवते. एकदा चाक फिरले की ती तुटते आणि पुन्हा धरायला अनेक वर्षे, कधी अनेक दशके लागतात. हे करणारा बहुधा दुष्ट नसतो. पुढचा चिखल चुकवायला तो दोन हात बाजूने जातो, त्याच्या मागचा आणखी दोन हात. खड्डा चुकवता चुकवता साइडपट्टीचा रस्ता कसा होतो हे महाराष्ट्रातल्या वाचकाला ठाऊक आहेच.

या मंडळींत शिष्टाचार नाहीत असे मात्र नाही. ताफ्यातला चालक समोरून येणाऱ्याला बोटे दाखवतो : तीन बोटे म्हणजे माझ्यामागे आणखी तीन. शेवटचा मूठ दाखवतो. वाळूच्या टेकड्यांवर गाडीला उंच काठीवर झेंडा लावतात, कारण पलीकडच्या उतारावरून कोण येते आहे ते दिसत नाही. चढणाऱ्याला वाट द्यायची, पादचारी वा घोडा दिसला की वेग उतरवायचा, असे संकेत जुन्या चालकांत पक्के आहेत. अडचण अशी की ते संगतीने शिकले जातात, आणि दिवसभरासाठी गाडी भाड्याने घेणाऱ्याला ती संगत मिळत नाही.

सार्वजनिक जमिनीवरील वाहनांमुळे होणारी हानी व इतरांशी होणारा संघर्ष कमीत कमी ठेवावा, असा आदेश राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी 1972 मध्येच काढला होता. त्याच धोरणाच्या चौकटीत, सप्टेंबर 2023 मध्ये मोआबजवळच्या लॅबिरिंथ कॅन्यन भागातील सुमारे 1,100 मैलांपैकी 317 मैल वाटा मोटारवाहनांना बंद झाल्या. वाहनप्रेमी संघटना विरोधात उभ्या राहिल्या. जानेवारी 2023 पासून यूटात प्रौढ चालकांनाही एक ऑनलाइन अभ्यासक्रम सक्तीचा आहे. त्यात गाडी चालवून दाखवावी लागत नाही.

मराठी माणसाची या वाहनाशी गाठ बहुधा दुबईच्या वाळवंटी सहलीत पडते. तिथे ‘ड्यून बग्गी’ म्हणून मिळते ती बहुतेक वेळा रेझर किंवा कॅन-अॅमच असते. पुढे मार्गदर्शकाची गाडी, मागे पर्यटकांची रांग. भारतात ही वाहने सर्वसाधारणपणे सार्वजनिक रस्त्यासाठी नोंदवली जात नाहीत; खासगी साहसी उद्याने आणि लडाखसारख्या भागातले सैन्य हा त्यांचा मुख्य वापर. अलिबागच्या बाजूला किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवतात त्या क्वाड बाइक. त्यांना साइड-बाय-साइड म्हणत नाहीत.