सुपरहिरोने तिचा हात धरावा का?

सुपरहिरोने साध्या माणसाच्या प्रेमात पडावं की नाही, यावर ठाण्याच्या मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर कॉलेजच्या पोरांचा वाद रंगला होता. एकजण म्हणे, पडूच नये, खलनायक आधी तिलाच उचलून नेतो. दुसरीचं म्हणणं, मग सैनिकांनीही लग्नं करू नयेत का? मुद्दे दोन्ही चोख, पण शरीरशास्त्राला कुणी विचारलंच नाही. खलनायक राहिला लांब. त्याआधी हिरोला तिचा हात धरायचाय, आणि घोडं तिथेच अडतं.

झेलण्याचा हिशेब बऱ्याच जणांना ठाऊक असतो, तो उरकून टाकू. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या टॉवरवरून, ६० मीटर उंचीवरून ती पडली, तर हवेचा अडथळा सोडून खाली येईपर्यंत वेग होतो ताशी १२३ किलोमीटर. हिरोने तिला अर्ध्या मीटरात थांबवलं, तर ६० भागिले अर्धा, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या १२० पट धक्का तिच्या मानेला. १९७३ साली स्पायडरमॅनच्या कॉमिकमध्ये ग्वेन स्टेसीला पुलावरून पडताना जाळ्याने पकडलं, तरी ती वाचली नाही. कॉमिकवाल्यांनी भौतिकशास्त्र पाळल्याचं हे दुर्मीळ उदाहरण.

मला खरी गोडी आहे ती पकडीची. तलावपाळीवरचा पाणीपुरीवाला पुरी उचलतो, अंगठ्याने वरच्या पापुद्र्याला भोक पाडतो, खालचा शाबूत राहतो. रात्री तोच माणूस त्याच हातांनी भरलेली गाडी ढकलत नेतो. हे दोन्ही एकाच हाताला कसं जमतं?

मज्जारज्जूतली एक प्रेरक चेतापेशी आणि तिच्या ताब्यातले स्नायुतंतू मिळून एक मोटर युनिट होतं. चेतापेशीने हुकूम सोडला की तिचे सगळे तंतू आकसतात, अर्धेमुर्धे नाहीत. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात जो स्नायू आहे, त्यात अशी साधारण १२० युनिटं असतात. काही इवली, एका झटक्याला काही मिलिन्यूटन बळ देणारी. काही दांडगी, शंभरेक मिलिन्यूटनची. हार्वर्डचे एलवुड हेनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की ही युनिटं ठरलेल्या क्रमाने कामाला लागतात. आधी लहान, मग मोठी. त्यामागचं कारण मला फार आवडतं. लहान युनिटची चेतापेशीही लहान, तिच्या पटलाचं क्षेत्रफळ कमी, म्हणून तिचा विद्युतरोध जास्त. दहावीतला ओहमचा नियम आठवा: धारा तीच असेल, तर जिथे रोध जास्त तिथे विभवांतर जास्त. त्यामुळे वरून आलेल्या त्याच क्षीण संदेशाने लहान पेशी हुकूम सोडण्याचा उंबरठा ओलांडते, मोठी ढिम्म राहते. क्रम लावायला कुणी मुकादम लागत नाही, तो पेशीच्या आकारातच आहे. म्हणून हलक्या कामात बळाच्या पायऱ्या बारीक पडतात आणि जड कामात मोठ्या.

आता हजारपट ताकदीचा हिरो घ्या. युनिटं आपल्याइतकीच, पण प्रत्येक हजारपट दणकट, असं धरलं तर त्याची सर्वात लहान पायरीच काही न्यूटनची आणि मोठी शंभर न्यूटनची, म्हणजे दहा किलो वजनाइतकी. शिवाय हलक्या जोरात युनिट सेकंदाला साधारण आठ झटके देतं. आपल्या हातात अनेक युनिटांचे बारीक झटके एकमेकांत मिसळून सपाट होतात. हिरोने मात्र तिच्या गालावर हलकेच बोट टेकवलं, तर सेकंदाला आठ टिचक्या बसतील. ते टाळायचं तर युनिटंच हजारपट हवीत. मग त्या एकट्या स्नायूसाठी १ लाख २० हजार चेतापेशी, आणि त्या मावायला करंगळीएवढ्या मज्जारज्जूत जागा कुठे?

तो जपून धरेल की, असं कुणी म्हणेल. पण पकड पूर्णपणे मनाच्या ताब्यात नसते. तळहात आणि बोटांच्या त्वचेतून स्पर्शाची खबर नेणारे सुमारे १७ हजार चेतातंतू निघतात. स्वीडनमध्ये रोलंड योहानसन आणि योरान वेस्टलिंग यांनी १९८४ साली दाखवलं की धरलेली वस्तू निसटायला लागली की सुमारे ७० मिलिसेकंदांत बोटं आपोआप आवळली जातात. ठाणे सोडून कळव्याकडे निघालेल्या लोकलने गचका दिला, तिचा हात जरासा सरकला, आणि हिरोला कळायच्या आत त्याची पकड वाढली. सर्वसाधारण पुरुषाची पूर्ण पकड साडेचारशे न्यूटनच्या आसपास असते. त्याची हजारपट म्हणजे ४५ टनांचा भार. त्यातला एक शतांश जरी त्या प्रतिक्षिप्त क्रियेत लागला, तरी हाडांचा चुरा होईल.

जाता जाता: मुलांची ‘मिडब्रेन’, म्हणजे मेंदूचा मधला भाग, जागी करून त्यांना डोळ्यांवर पट्टी बांधून बोटांनी रंग ओळखायला शिकवतो, असं सांगत पालकांकडून हजारो रुपये उकळणारे क्लास आपल्याकडे निघाले होते. बोटांतले हे चेतातंतू दाब, ताण आणि कंपनं ओळखतात, रंग नाही. पोरगं नाकाशेजारच्या फटीतून बघत असतं. पट्टी नाकाशी नीट दाबून बसवा, चमत्कार तिथेच संपतो.

तर मग निकाल काय? बॅटमॅनला माझी हरकत नाही, तो आपल्यासारखाच हाडामांसाचा. यांत्रिक चिलखतवाल्यांनाही चालेल, कारण मोटारीच्या बळावर मर्यादा घालता येते. माणसाशेजारी काम करणाऱ्या रोबोटांसाठी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने २०१६ साली असे आकडे दिलेले आहेत. हात चिमटला तर १४० न्यूटनच्या पुढे जायचं नाही. आयर्नमॅनने रबाळ्याच्या एमआयडीसीतल्या एखाद्या कंट्रोल इंजिनिअरला गाठावं, एका दुपारचं काम आहे. पंचाईत सुपरमॅनची. लोइस लेन १९३८ सालच्या पहिल्या अंकापासून त्याच्या गोष्टीत आहे, तरी मी परवानगी एका अटीवर देईन: हात त्याने धरायचा नाही. तिने त्याचं मनगट धरावं. निसटलेलं घट्ट धरण्याची ही खोड बोटांची आहे, मनगटाची नाही.