हरलो, तेही घरच्या मैदानावर

९ ऑगस्ट २०१५. रविवारची संध्याकाळ. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या आमच्या घरात भाच्याचे चार मित्र जमले होते. हॉलमध्ये सतरंजी अंथरलेली, पाचपैकी तिघांच्या अंगात आर्सेनलचे लाल टी-शर्ट. इंग्लंडमधल्या प्रीमियर लीग या फुटबॉल स्पर्धेच्या नव्या मोसमातला त्यांच्या संघाचा पहिला सामना, आणि तोही लंडनच्या एमिरेट्स स्टेडियमवर, म्हणजे घरच्या मैदानावर. समोर वेस्ट हॅम. आदल्याच रविवारी आर्सेनलने गतविजेत्या चेल्सीला कम्युनिटी शील्डच्या सामन्यात १-० असं हरवलं होतं. त्याच चेल्सीतून पेत्र चेकसारखा नावाजलेला गोलकीपर आता आर्सेनलकडे आला होता. पोरांच्या मते हे वर्ष आपलंच होतं.

मध्यंतराच्या तोंडावर वेस्ट हॅमच्या कुयातेने हेडरने गोल केला. उत्तरार्धात झारातेने दुसरा मारला. दोन्ही वेळा चेक चुकला. वेस्ट हॅमच्या मधल्या फळीत तर सोळा वर्षांचा रीस ऑक्सफर्ड खेळत होता, माझ्या भाच्याहून एका वर्षाने लहान. सामना ०-२ असा संपला आणि हॉलमध्ये कुणी बोलेना. बऱ्याच वेळाने भाचा म्हणाला, "घरात येऊन मारून गेले की बे." मग माझ्याकडे वळून, "मामा, हे वर्ष गेलं." अडतीसपैकी एक सामना झाला होता.

मी संख्याशास्त्र शिकवतो. एका सामन्यावरून वर्षाचा निकाल लावता येत नाही, हे मला तेव्हाही सांगता आलं असतं. पण त्या पोरांचे चेहरे पाहून मी गप्प राहिलो. जे दुखत होतं ते खरं होतं आणि ते कुठून येतं हे मला नीट समजून घ्यायचं होतं. तेव्हापासून या विषयावर जे वाचत आलो, ते इथे मांडतो.

सुरुवात भाषेपासून करू, कारण मराठीत ही गोष्ट क्रियापदाच्या शेवटी दिसते. आपण "जिंकलो" म्हणतो, "जिंकले" नाही. मैदानावर आपण पाऊलही टाकलेलं नसतं, तरी त्या 'ओ'मध्ये आपण संघात जाऊन उभे राहतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली हेच मोजलं. त्यांनी सात विद्यापीठांत पाहिलं, की शनिवारी विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ जिंकला की सोमवारी विद्यापीठाचं नाव किंवा चिन्ह असलेले कपडे घालून येणारे विद्यार्थी वाढतात. फोनवर सामन्याचं वर्णन विचारलं, तर जिंकल्यावर 'आम्ही' अधिक वेळा येई, हरल्यावर 'ते'. म्हणजे "आम्ही जिंकलो", पण "ते हरले".

आमच्या हॉलमधली पोरं मात्र "हरलो" म्हणत होती. मला हा फरक फार मोलाचा वाटतो. ज्याचं संघाशी नातं वरवरचं असतं, तो हरल्यावर बाजूला होतो. ज्याचं नातं खोल गेलेलं असतं, त्याला बाजूला होता येत नाही. सोलापूरकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वजांबरोबर चालणारा माणूस 'मिरवणूक निघाली' म्हणत नाही, 'आम्ही निघालो' म्हणतो.

असं नातं जडलं की शरीरही त्यात ओढलं जातं. १९९४च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ब्राझीलने इटलीला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवलं. तो सामना टीव्हीवर पाहणाऱ्या दोन्ही देशांच्या चाहत्यांची लाळ सामन्याआधी आणि नंतर तपासली गेली. ब्राझीलच्या चाहत्यांत टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक वाढलेलं आढळलं, इटलीच्या चाहत्यांत घटलेलं. ही माणसं खुर्चीत बसून पडद्याकडे पाहत होती, चेंडूला त्यांचा पाय लागलेला नव्हता. तेव्हा सोलापुरातल्या सतरंजीवर बसलेल्या मुलाला लंडनमधला पराभव अंगात जाणवतो, यात नवल काही नाही.

हृदयाची गोष्ट याहून गंभीर आहे. ३० जून १९९८ रोजी विश्वचषकात इंग्लंड अर्जेंटिनाकडून पेनल्टी शूटआउटवर हरला. त्या दिवशी आणि पुढच्या दोन दिवसांत इंग्लंडमधल्या रुग्णालयांत हृदयविकाराच्या झटक्याने दाखल होणाऱ्यांचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं. २००६ साली विश्वचषक जर्मनीत होता. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयाच्या तातडीच्या तक्रारी नेहमीच्या २.६६ पट झाल्या. आधीपासून हृदयविकार असलेल्यांना धोका अधिक होता. यातले बरेच सामने जर्मनीने जिंकले होते, म्हणजे नुसती चुरसही पुरेशी ठरली. घरात कुणाला हृदयाचा त्रास असेल, तर अशा सामन्याच्या वेळी त्यांच्या गोळ्या वेळेवर दिल्या आहेत का, एवढं जरूर पाहावं. "खेळच तर आहे" म्हणून ते सोडून देऊ नये.

पण मोसमातला पहिलाच, घरच्या मैदानावरचा पराभव एवढा का झोंबतो? माझ्या मते याचं उत्तर अपेक्षेत आहे, आणि ते पहिल्यांदा नीट दिसलं माकडांच्या मेंदूत.

स्वित्झर्लंडमधले वोल्फराम शुल्ट्झ माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या पेशींची हालचाल नोंदवत होते. माकडाला अचानक फळाच्या रसाचा थेंब मिळाला की त्या पेशी जोरात कामाला लागत. मग रसाआधी दर वेळी एक खूण दिली जाऊ लागली. काही काळाने पेशी त्या खुणेलाच प्रतिसाद देऊ लागल्या. प्रत्यक्ष रस मिळाला तरी त्या शांत राहत, कारण तो येणार हे आता ठाऊक होतं. खरी गोष्ट त्यापुढची आहे. खूण दिली आणि रस दिलाच नाही, तेव्हा रस यायला हवा होता नेमक्या त्या क्षणी पेशींचं काम नेहमीच्या पातळीच्याही खाली गेलं. माकडाच्या हातचं काहीच काढून घेतलेलं नव्हतं. फक्त जे यायचं होतं ते आलं नव्हतं, आणि मेंदूने ते नुकसान म्हणून नोंदवलं. १९९७ साली शुल्ट्झ, पीटर दायान आणि रीड मॉन्टेग्यू यांनी याचा हिशेब मांडला: या पेशी मिळालेल्या सुखाची नोंद करत नाहीत, मिळालेलं आणि अपेक्षित यांच्यातल्या फरकाची करतात.

आता ऑगस्ट महिना आठवा. गुणतक्त्यात सगळ्यांपुढे शून्य. नवे खेळाडू आलेले, जुन्या चुका तीन महिन्यांत मागे पडलेल्या. आशेला अडवणारा एकही आकडा समोर नसतो. त्यात सामना घरचा. म्हणजे अपेक्षा वर्षातल्या सगळ्यात उंच पायरीवर उभी असते आणि पडायची उंचीही तेवढीच. हाच संघ एप्रिलमध्ये, आठ-नऊ सामने गमावून झाल्यावर हरला, तर चाहता सुस्कारा टाकून टीव्ही बंद करतो. पराभव तोच असतो, पण अपेक्षा तोवर खाली आलेली असते.

माणसांच्या बाबतीत याचा पुरावा आहे आणि तो अस्वस्थ करणारा आहे. डेव्हिड कार्ड आणि गॉर्डन डाल या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ साली अमेरिकेतल्या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलचे निकाल आणि कौटुंबिक हिंसेच्या पोलीस नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या. जो संघ जिंकणार असं सगळे धरून चालले होते तो हरला, तर पुरुषांनी घरातल्या स्त्रियांवर हात उचलल्याच्या नोंदी सुमारे १० टक्क्यांनी वाढल्या. सामना अटीतटीचा होईल असा अंदाज असेल, तर हरल्यावरही अशी वाढ दिसली नाही. माझ्या परिचयातल्या घरांत मॅच हरल्यावर ताट आपटलेलं मी लहानपणी पाहिलं आहे. अपेक्षाभंग मेंदूत होतो हे खरं, पण तो दुसऱ्याच्या अंगावर काढायला त्याने कुणालाही मुभा मिळत नाही.

दुःखाचं मापही आनंदाच्या मापाहून मोठं निघालं आहे. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली एका मोबाइल अ‍ॅपवरच्या सुमारे ३२ हजार लोकांच्या नोंदी अभ्यासल्या. आत्ता किती आनंदी आहात, हे दिवसात अधूनमधून विचारणारं ते अ‍ॅप होतं. सामना संपल्यानंतरच्या तासाभरात हरलेल्या चाहत्यांचं दुःख जिंकलेल्यांच्या आनंदाच्या जवळपास दुप्पट भरलं. जीभही यातून सुटत नाही. अमेरिकेतल्या दुसऱ्या एका अभ्यासात रविवारी संघ हरला की त्या शहरातले लोक सोमवारी १६ टक्के जास्त संपृक्त चरबी खातात असं आढळलं. त्या रात्री आमच्याकडे पोरांनी नवी पेठेतून दोन पुडे भजी मागवली होती, ते मला हे वाचताना आठवलं.

घरच्या मैदानाची अपेक्षा खोटी नसते. जगभरच्या लीगमध्ये यजमान संघ पाहुण्यांपेक्षा जास्त सामने जिंकतात. त्याचं एक कारण पंच. २००२ साली इंग्लंडमध्ये ४० पंचांना एकाच सामन्यातल्या धक्काबुक्कीच्या चित्रफिती दाखवल्या. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले. कोविडच्या काळात रिकाम्या स्टेडियममध्ये सामने झाले, तेव्हा पाहुण्या संघाला एरवी जास्त मिळणारी पिवळी कार्डं कमी झाली आणि यजमानांचा फायदाही घटला. आरडाओरडा करणारा प्रेक्षक सामन्यात भर घालतो, ही चाहत्यांची जुनी समजूत मोजून खरी ठरली आहे.

मग फायदा असूनही संघ घरी का हरतात? इथे माझा विषय येतो. त्या आठवड्यात मी भाच्याला सापशिडीच्या डब्यातले दोन फासे आणायला सांगितले. तुम्हीही घरी करून पाहा. ९० मिनिटांचे दहा-दहा मिनिटांचे नऊ तुकडे पाडा. प्रत्येक तुकड्यासाठी यजमानांनी दोन्ही फासे एकदा टाकायचे, बेरीज ७ आली तर गोल. पाहुण्यांनी वेगळे टाकायचे, बेरीज ५ आली तर गोल. दोन फाशांच्या छत्तीस जोड्यांपैकी ७ सहा जोड्यांत येतात आणि ५ चारच जोड्यांत. म्हणजे यजमान सामन्याला सरासरी दीड गोल करतील, पाहुणे एक. खऱ्या फुटबॉलच्या हे बरंच जवळ आहे. यजमान स्पष्टपणे वरचढ आहेत. तरी हिशेब केला तर यजमान साधारण निम्मे सामने जिंकतात, २७ टक्के बरोबरीत सुटतात आणि २४ टक्के हरतात. चांगला संघ, घरचं मैदान, तरी चारात जवळजवळ एक पराभव. घरच्या पहिल्या तीन सामन्यांपैकी किमान एक हरण्याची शक्यता तर ५६ टक्के येते. भाच्याने हा शेवटचा आकडा मला दोनदा करून दाखवायला लावला.

हे होतं कारण गोल दुर्मीळ असतात. कबड्डीत एकेका संघाचे तीस-तीस गुण होतात, त्यात एखाद-दुसऱ्या चुकीचा परिणाम पुसला जातो आणि बलवान संघ वर येतो. फुटबॉलमध्ये दोन्ही संघांचे मिळून सरासरी तीनही गोल होत नाहीत. अशा विरळ घटनांचं गणित फ्रेंच गणिती प्वासाँ यांनी १८३७ साली मांडलं. १८९८ साली बोर्टकिएविच यांनी प्रशियाच्या घोडदळात घोड्याची लाथ बसून मेलेल्या सैनिकांच्या नोंदींना ते लावून दाखवलं. एखाद्या वर्षी एका तुकडीत तीन मृत्यू झाले, म्हणजे तिथले घोडे जास्त माजले होते असं नाही. पेत्र चेकच्या हातून एकाच दुपारी दोन चेंडू सुटले, म्हणून तो वाईट गोलकीपर ठरत नाही.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. "हे वर्ष गेलं" म्हणत ज्याचा मोसम सुरू झाला, तो आर्सेनल त्या वर्षी ७१ गुणांसह दुसरा आला. पहिला आला लेस्टर, जो त्या ऑगस्टमध्ये कुणाच्या हिशेबातही नव्हता. २७ सप्टेंबर २०२० रोजी मँचेस्टर सिटी मोसमातल्या लीगच्या पहिल्याच घरच्या सामन्यात, रिकाम्या स्टेडियममध्ये, त्याच लेस्टरकडून २-५ असा हरला. मोसम संपला तेव्हा सिटी विजेता होता.

हे आकडे सांगून दुःख कमी होतं का? फारसं नाही, असा माझा अनुभव आहे. पण चाहते पराभवाचं दुःख किती काळ टिकेल याचा अंदाज मात्र चुकवतात. टिमोथी विल्सन आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी सहकाऱ्यांसह २००० साली विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांत हे आढळलं. सामन्याचा परिणाम मनावर खूप दिवस राहील असं त्यांना आधी वाटत होतं, प्रत्यक्षात तो लवकर ओसरला. सामना डोळ्यांपुढे असताना बाकीचं आयुष्य आपल्याला दिसत नाही. भाच्याचं बाकीचं आयुष्य सोमवारी सकाळी साडेसातच्या क्लासला सुरू झालं.

ब्रिटनमध्ये मार्था न्यूसन यांनी चाहत्यांचा अभ्यास करून आणखी एक गोष्ट दाखवली आहे: जे क्लब सतत मार खातात, त्यांचे चाहते एकमेकांशी अधिक घट्ट बांधलेले असतात. एकत्र सोसलेलं माणसांना जोडतं. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांसाठी घसा फोडणाऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. आमच्याकडे फुटबॉलची तशी परंपरा नाही. आमच्या पोरांना त्यासाठी पडद्यावरचं लंडन शोधावं लागतं, याची मला खंत वाटते.

१६ ऑगस्टला, पुढच्या रविवारी, आर्सेनल क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर खेळणार होता. संध्याकाळी दाराची कडी वाजली. पाचही जण आले होते, आणि या वेळी लाल टी-शर्ट चौघांच्या अंगात होते. आर्सेनल २-१ असा जिंकला. भाचा फासे हातात खुळखुळवत माझ्याकडे पाहून म्हणाला, "मामा, जिंकलो."