कृष्णाकाठची काच

माझ्या टेबलावर हिरव्या काचेचे दोन तुकडे शेजारी शेजारी ठेवलेत. दोन्ही बाटलीचे, दोन्ही साधारण चिंचोक्याएवढे. एक गुहागरच्या किनाऱ्यावरचा. मामेबहीण येताना रुमालाच्या गाठीत बांधून घेऊन आली होती. दुसरा मला कराडला कृष्णेच्या पात्रात मिळाला. गुहागरचा तुकडा खडीसाखरेसारखा दिसतो, सगळीकडून सारखाच धुरकट, धार कुठेच नाही. कराडच्या तुकड्याच्या कडा बोथट झाल्यात, पण मधला भाग अजून चकचकीत आहे आणि एका बाजूचा खोलगट टवका तर काल-परवा उडाल्यासारखा.

समुद्राने घासलेली काच वेचण्याचा छंद जगभर आहे. इंग्लंडमधल्या सीहॅम गावात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९२१ पर्यंत बाटल्यांचा मोठा कारखाना होता आणि उरलीसुरली काच समुद्रात जायची. तिथले रंगीत तुकडे लोक आजही वेचतात. कॅलिफोर्नियातल्या फोर्ट ब्रॅग गावाचा कचरा १९६७ पर्यंत समुद्रकाठी टाकला जाई. तिथल्या किनाऱ्याचं नावच ‘ग्लास बीच’ पडलं. सातारा-सांगलीकरांना समुद्र बघायचा तर घाट उतरावा लागतो. पण आपल्याकडे कृष्णा आहे, आणि काच नदीही घासते. फक्त तिची घासण्याची रीत निराळी. ती रीत समजली की हातात आलेला तुकडा वाचता येतो. मला या छंदात खरी गोडी लागली ती या वाचनाची.

आधी दोघांच्या कामाचा हिशेब मांडू. किनाऱ्यावर दर आठ सेकंदांना एक लाट आली असं धरलं तर दिवसाला १०,८०० लाटा होतात. भरती-ओहोटीमुळे तुकडा निम्माच वेळ लाटांत सापडला, तरी दिवसाला पाच हजार वेळा तो वाळूवर पुढे-मागे घासला जातो, आणि तेही वर्षाचे बारा महिने. नदीत असं होत नाही. आठ-नऊ महिने काचेचा तुकडा गोट्यांमध्ये निवांत पडून असतो. पावसाळ्यात पूर आला की मोजके दिवस सगळं पात्र हलतं, तुकडा गडगडत पुढे जातो आणि पाणी ओसरलं की पुन्हा कुठेतरी अडकून बसतो. समुद्र काचेला रोज थोडं थोडं घासतो. नदी वर्षातून चार दिवस तिला बदडून काढते.

हा फरक भिंगातून स्वच्छ दिसतो. मी दहा पटींचं साधं भिंग वापरते. गुहागरच्या तुकड्यावर ओल्या मातीत नखाने उमटवाव्यात तशा बारीक चंद्रकोरी दिसतात. एकीवर एक, इतक्या दाट की मूळ गुळगुळीत पृष्ठभाग उरलेलाच नाही. काचेवर कणाचा ठोका बसला की तिथे कमानदार भेग जाते, तीच ही चंद्रकोर. कराडच्या तुकड्यावर अशा कोरी फक्त कडेला आणि उंचवट्यांवर आहेत. खोलगट भागाला दगड लागलाच नाही, म्हणून तो अजून चकाकतो. शिवाय साधी काच कठीणपणाच्या एक ते दहाच्या मोजपट्टीवर साडेपाचच्या आसपास येते आणि आपल्या काळ्या दगडातली मुख्य खनिजं तिच्यापेक्षा किंचितच कठीण असतात. गारगोटीचा कण मात्र सातावर असतो. ज्या वाळूत गारगोटीचे कण भरपूर, तिथे काच लवकर झिजते.

घासणं हा झाला निम्मा भाग. उरलेलं काम पाणी गुपचूप करत असतं. बाटलीच्या काचेत सुमारे ७० ते ७५ टक्के सिलिका, म्हणजे वाळूचंच द्रव्य असतं. बाकी मुख्यतः सोडा आणि चुना. वर्षानुवर्षं पाण्यात राहिल्यावर काचेतलं सोडियम हळूहळू बाहेर निघतं आणि त्याची जागा पाण्यातला हायड्रोजन घेतो. वरचा थर भुसभुशीत होतो, त्यात सूक्ष्म खड्डे पडतात. समुद्राचं पाणी किंचित अल्कधर्मी असल्याने काचेची सिलिकाची जाळीही थोडी थोडी विरघळते. समुद्रकाचेला ती मखमली धूसरता यायला काही दशकं लागतात ती या दोन्ही कामांमुळे.

गेल्या मे महिन्यात भाची सोबत होती. तिने पाण्यातून हिरवा खडा उचलला आणि ओरडली, “आत्या, पाचू! खरंच पाचू आहे गं!” घरी आणून वाटीत ठेवला. तासाभराने बघते तर त्याचं तेज गेलेलं. बिचारी रडवेली झाली. मी वाटीत पाणी ओतलं आणि पाचू परत आला.

कोरड्या तुकड्यावरच्या खड्ड्यांमध्ये हवा असते. प्रकाश हवेतून काचेत शिरताना मोठी वळणं घेतो, कारण हवेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो याचं माप, १ आणि काचेचा साधारण १.५२. हजारो खड्ड्यांवर तो हजार दिशांना विखुरतो आणि काच पांढरट दिसते. खड्ड्यांत पाणी भरलं की पाण्याचा १.३३ मध्ये येतो, उडी लहान होते, विखुरणं कमी होतं आणि आतला रंग वर येतो. म्हणून मी वेचलेली काच घरी आल्यावर कोरडी करूनच पाहते. किती झिजलीय ते कोरडेपणीच कळतं.

शोधायचं कुठे? फेब्रुवारी ते मे, पाणी उतरल्यावर, आणि नदीच्या वळणाच्या आतल्या बाजूला. वळणावर वरचं पाणी बाहेरच्या काठाकडे धावतं आणि तळाचं पाणी आतल्या काठाकडे सरकतं. तळाचं पाणी सोबत गोटे, रेती, काच घेऊन येतं आणि वेग मंदावला की तिथेच टाकून देतं. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर तो ढकलू शकणाऱ्या दगडाचं वजन ६४ पट होतं. वेग निम्मा झाला की तेच उलट, म्हणून मोठं आणि जड आधी खाली बसतं. वाईपासून कराडपर्यंत गोट्यांचे पट्टे मिळतात; खाली सांगलीकडे नदी संथ होते, काठ गाळाचे होतात आणि वेचण्यासारखं कमी उरतं. अर्थात, २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा संथ वगैरे काही उरलं नव्हतं. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि एकत्र होऊन काटकोनात वळतात. त्या प्रीतिसंगमाच्या आसपासची रेती मला फार आवडते.

सकाळचं तिरपं ऊन असावं, सूर्य समोर असावा. काच लगेच डोळ्यात भरते. पायात जाड चप्पल हवी, कारण पात्रातली सगळीच काच झिजलेली नसते. पावसाळ्यात आणि धरणातून पाणी सोडायची सूचना असताना पात्रात पाऊलही टाकू नये. वाळू उपशाचे खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत; अनोळखी पाण्यात गुडघ्याच्या वर जायचं नाही हा माझा नियम मी कधी मोडलेला नाही.

सगळ्यात जास्त काय सापडतं? बांगड्या. घाटावर पिढ्यान्‌पिढ्या धुणी धुतली गेली, त्यात किती काकणं फुटली असतील! हिरव्या बांगडीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, दोन्ही टोकं गोल झालेला, असे माझ्याकडे बरणीभर आहेत. त्यानंतर बाटल्यांचे बूड, कारण तिथे काच जाड असते आणि टिकते. गोटी सोड्याच्या बाटलीतली गोटी मात्र मला एकदाच मिळाली. हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याने १८७२ साली या बाटलीचं पेटंट घेतलं. आतल्या वायूचा दाब गोटीला रबरी कडीवर दाबून धरतो, तेच तिचं बूच. माझी गोटी सगळ्या अंगांनी सारखी धुरकट आहे. गोल असल्याने ती सगळ्या बाजूंनी लोळली, नदीला चुकवायला तिच्याकडे खोलगा नव्हता.

पातळ, किंचित बाक असलेली बिनरंगी काच मिळाली की मी जरा थांबते. ती बहुधा कंदिलाची असते. कराड रेल्वे स्टेशनला लागून ओगलेवाडी आहे. औंध संस्थानच्या पाठबळावर ओगले बंधूंनी १९१६ साली तिथे काचेचा कारखाना उभारला आणि त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रात घरोघरी गेला. कंदिलाची काच मुद्दाम पातळ करतात, म्हणजे ती आतून-बाहेरून एकदमच तापते. जाड काच एका बाजूने तापून तडकली असती. पण त्याच पातळपणामुळे नदीत तिचा लवकर चुरा होतो, आणि एवढासा तुकडा मिळाला तरी मोल वाटतं.

एवढी वाळू दारात असून कृष्णेच्या वाळूची स्वच्छ काच होत नाही. आपली वाळू काळ्या दगडाची, लोहाने भरलेली. काचेत हजारात एक-दोन भाग लोह असलं तरी हिरवट झाक येते. खिडकीच्या काचेची कड बघा, कळेल. ही झाक मारायला काचवाले पूर्वी मँगनीज घालत. गंमत अशी की अशी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली तर मँगनीजचं रूप बदलून ती फिकट जांभळी होते. गडद निळा तुकडा मिळाला तर त्यात कोबाल्ट.

काच समजून उचललेल्या दर पाच खड्यांतले दोन-तीन माझ्याकडे गारगोटीचेच निघतात. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना त्यात बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पुढे गारगोटी, अकीक आणि झिओलाइट नावाची पांढरी खनिजं साकळली. झिओलाइटं मऊ, ती नदीत फार टिकत नाहीत. दगड झिजून गेला तरी गारगोटी आणि अकीक उरतात. ओळखायची सोपी युक्ती: खडा गालाला लावा. गारगोटीतून उष्णता काचेपेक्षा कितीतरी वेगाने वाहते, म्हणून ती गार लागते. काच तेवढी गार लागत नाही.

त्याच रेतीत शिंपले मिळतात. आतली बाजू मोरपंखी चमकते, पण तिथे रंग असा काहीच नाही. मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढे पातळ थर एकावर एक रचलेले असतात आणि त्यांवरून परतणारा प्रकाश आपसात मिळून हे रंग उठवतो. चिखलात खूप वर्षं गाडल्या गेलेल्या काचेवरही सोडियम निघून गेलं की असेच थर तयार होतात आणि तशीच झळाळी येते. जिवंत शिंपला मिट्ट बंद असतो. तो होता तिथेच ठेवायचा. ही मंडळी पाणी गाळून जगतात आणि त्यांची पिल्लं माशांच्या कल्ल्यांना चिकटून लहानाची मोठी होतात.

त्या मे महिन्यात रात्री वीज गेली. भाचीच्या हातात पिशवीतल्या दोन गारगोट्या दिल्या आणि म्हटलं, जोरात घास. पहिल्या दोन-तीन वेळा काही झालं नाही. मग दोन्ही दगडांच्या आतच फिकट केशरी उजेड पेटला आणि विझला. बाहेर ठिणगी नाही, दगड तापलेला नाही. स्फटिकात बारीक भेगा जाताना विद्युतभार वेगळे होतात आणि परत जुळताना प्रकाश देतात. पाठोपाठ करपल्यासारखा वास आला. तिने दगड नाकाला लावले, पुन्हा घासले, पुन्हा लावले. वीज आली तेव्हा तिने उठून दिवा बंद केला.